लांबलेला 'आ'

इंग्रजी शिकायचं मी कधीच ठरवलं नव्हतं. मी फक्त चार वाक्यं नीट म्हणायचं ठरवलं होतं. चार वाक्यांत माणूस असा काय गोंधळ घालणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

त्याचं असं झालं. आमची मुलगी आयजमाल किर्गिझस्तानातल्या आमच्या गावातून जनावरांची डॉक्टर व्हायला न्यूझीलंडला गेली आणि तिथल्या एका मेंढीवाल्याच्या मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. मुलगा भला आहे, कॅलम नाव. फोनवर दिसला की आधी आमच्या म्हातारीला मान लववतो, मग आम्हाला. म्हातारी म्हणजे माझी आई. गावात सगळे तिला तुर्सुन आजी म्हणतात. या लग्नाबद्दल तिचं एकच म्हणणं होतं : "मेंढ्या राखणाऱ्याच्याच घरी द्यायची होती, तर पोरीला एवढ्या लांब कशाला धाडलीत? आपल्या गावातल्या मेंढ्या संपल्या होत्या?"

लग्नाला जायचा आमचा व्हिसा नामंजूर झाला. केंजेगुल, म्हणजे माझी बायको, त्यानंतर बरेच दिवस कणीक जरा जास्तच जोराने मळत होती. मग एकदा हात धुऊन म्हणाली, "आपल्याला जाता येत नाही तर नाही. आशीर्वादाला कुठे व्हिसा लागतो? तो फोनवरून जाईल."

मुलगी सासरी जाताना बापाने दोन्ही तळहात वर धरून चार वाक्यं बोलायची, सगळ्यांनी 'ओमिन' म्हणून तोंडावरून हात फिरवायचे, मग पोरीने पाऊल उचलायचं. त्या चार वाक्यांवाचून लग्न होतं, पण झाल्यासारखं वाटत नाही. आणि ती चार वाक्यं मुलीसाठी जितकी असतात, त्याहून जास्त व्याह्यांसाठी असतात. 'ही आमची पोर आहे, वाऱ्यावर पडलेली नाही, हिला जपा,' एवढंच त्यात असतं. ते व्याह्याच्या कानात बापाच्या तोंडून पडावं लागतं.

आयजमाल म्हणाली, "बाबा, तुम्ही आपल्या भाषेत बोला. मी सांगेन त्यांना अर्थ."

"म्हणजे 'हिला जपा' हे तूच सांगणार? स्वतःच्या लग्नात, स्वतःबद्दल?"

यावर ती गप्प बसली. (माझ्या आयुष्यात ती गप्प बसल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. मी रोज वहीत हवामान लिहितो; त्या दिवशी हवामानाच्या आधी तोच लिहून ठेवला.)

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मागे एकदा व्याह्यांशी फोनवर भेट झाली होती. ग्रॅहम त्यांचं नाव. भला मोठा माणूस, लाल गाल. मी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं : आपलं कुटुंब पाहून आनंद झाला. ग्रॅहम बराच वेळ विचारात पडले, उठून बाहेर गेले आणि एक कुत्रा घेऊन आले. मला दाखवण्यासाठी त्यांनी त्याला उचलून धरलं. कुत्रा चांगला होता. पण आशीर्वादाच्या वेळी असं होऊन चालणार नव्हतं.

आयजमालने मग फोनवर एका बाईंचे धडे पाठवले. त्या बाईंचं काम एकच : परदेशी माणसाच्या तोंडातले स्वर सरळ करणे. त्यांचं म्हणणं, आधी कान, मग तोंड. जो फरक ऐकू येत नाही, तो बोलता येत नाही. बाई दोन शब्द म्हणायच्या, आणि आपण सांगायचं, स्वर एकच की वेगळे. मी डोळे मिटून, सगळा जीव कानात आणून ऐकायचो. मला सगळे एकच वाटायचे.

यात माझा दोष थोडा आणि आमच्या भाषेचा जास्त. आमच्या भाषेत शब्दातला पहिला स्वर घरच्या कर्त्यासारखा असतो. तो ज्या वळणाने गेला, त्याच वळणाने मागचे सगळे जातात. इंग्रजी शब्दात प्रत्येक स्वर वेगळ्या घरचा, आणि कोणाचं कोणाशी पटत नाही.

"वेगळे," पलीकडून आईचा आवाज आला.

आईला धड ऐकू येत नाही. मोटार अंगणात आली तरी तिला कळत नाही. मी बाईंना पुढचे दोन शब्द म्हणायला लावले.

"हेही वेगळे. पहिल्याला बाई हसते, दुसऱ्याला हसत नाही. डोळे उघडून बघ की जरा."

मी बघितलं. बाई खरोखरच लांब 'ई'ला ओठ फाकवत होत्या आणि आखूड 'इ'ला सैल सोडत होत्या. मग आम्ही पद्धतच पाडली. आई बघायची, मी ऐकायचो, आणि आई बरोबर असायची.

"तू जन्मल्यापासून असाच," ती म्हणायची. "रडलास तरी भूक लागली की पोट दुखतंय ते कळायचं नाही. सगळं एकाच सुरात."

कान असे थोडेफार उघडल्यावर तोंडाची पाळी आली. बाईंचे नियम कडक होते. 'आ' म्हणताना तोंडात दोन बोटं उभी मावली पाहिजेत. आवाज पोटातून आला पाहिजे, म्हणून कमरेला काहीतरी घट्ट बांधा. स्वर लांब सोडा, समोर डोंगर आहे असं समजा आणि आवाज तिथपर्यंत पोचवा. (बाई शहरातल्या असाव्यात. आमच्या घरासमोर समजायची गरजच नाही, डोंगर आहेच.)

लग्नाचा दिवस उजाडला. तिकडे संध्याकाळी जेवणाच्या आधी आशीर्वाद, म्हणजे इकडे दुपार व्हायच्या आत. गावाला आम्ही काही कळवलं नव्हतं. पोर आणि जावई उन्हाळ्यात येतील तेव्हाच मेजवानी द्यायची, असं ठरलं होतं. (आणि माझं इंग्रजी गावाने ऐकू नये, हेही मी मनातल्या मनात ठरवलं होतं.) केंजेगुल चुलीशी बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळत होती. आई आतल्या खोलीत पडली होती. मी आरशासमोर पहिला 'आ' सोडला.

"अहो, आईंचा आत्ता कुठे डोळा लागलाय, हे त्यांनाही ऐकू जाईल," केंजेगुल म्हणाली. "आणि माझं तेल उडालं. बाहेर जा बघू तुमचे स्वर घेऊन."

म्हणून मी बाहेर गेलो. थंडी होती, म्हणून लांब कोट घातला, डोक्यावर टोपी चढवली. कोटावरून कमरेला दुपट्टा कसून बांधला. गुडघा दुखत होता, म्हणून काठी घेतली. घराच्या भिंतीपाशी उभा राहिलो, काठीवर दोन्ही हात आणि हातांवर भार टाकला, आणि डोंगराच्या दिशेने एक लांब 'आ' सोडला. मग 'ओ'. मग जरा हुंदका दिल्यासारखा तो मधला स्वर, जो आमच्याकडे नाहीच. तो काही केल्या येईना, म्हणून तोच परत परत.

आता आमच्याकडच्या कोणत्याही शेंबड्या पोराला विचारा, की लांब कोट, कोटावरून कमरेला पट्टा, हातात काठी, घराच्या भिंतीशी वाकून उभा असलेला आणि मोठ्याने आक्रोश करणारा पुरुष म्हणजे काय. ते पोर टोपी काढून सांगेल : त्या घरात कोणीतरी गेलं.

मला हे सुचायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष पोटाकडे होतं.

आमचा शेजारी इदिरिस आपल्या गोठ्यात होता. त्याने ऐकलं, पाहिलं, आणि जे कोणीही भला माणूस करील तेच केलं. टोपी सारखी केली, पट्टा बांधला, आणि फाटकापासून रडत रडत धावत माझ्याकडे आला.

"टेकायला डोंगर होता रे ओमुर्झाक, तो खचला," असं म्हणत त्याने माझ्या गळ्यात हात टाकले.

आमच्याकडे हे शब्द गेलेल्या कोणाही थोरासाठी चालतात. आणि रडत आलेल्या माणसाला 'कोण गेलं' असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखंच. आपण आधी रडायचं. कळायचं ते ओघाने कळतं. शिवाय मृत्यूची बातमी कोणी सरळ सांगत नाही. माणसं जमून येतात, आणि ज्याचं माणूस गेलं त्याने समजून घ्यायचं.

तेव्हा मी काय समजलो ते तुम्ही समजलात. इदिरिस मला बातमी द्यायला आला आहे.

पण कोणाची? मी पद्धतशीर माणूस आहे. रडायला सुरुवात करता करता मी हिशेब केला. आई आत झोपली आहे. केंजेगुलच्या बोरसोकांचा वास येतो आहे. आयजमाल सकाळीच फोनवर केस कसे बांधू म्हणून विचारत होती. उरला कोण? कोचकोरच्या बाजारात दुकान असलेला माझा थोरला भाऊ, शारशेनदादा. त्याचं हृदय अशक्त. डॉक्टरांनी चरबी सोडायला सांगितलं होतं, आणि त्याने डॉक्टर सोडला होता.

मग मात्र मी खरा रडलो. बाईंचे सगळे नियम गळून पडले. काठी टेकून, डोळे मिटून रडलो. इदिरिसला वाटलं, म्हाताऱ्या आईसाठी याचं काळीज तुटतंय. तो आणखी रडला. आम्ही दोघं एकमेकांचं सांत्वन करत होतो आणि एकमेकांना आणखी रडवत होतो. गल्लीतले बाकीचे पुरुष आले. प्रत्येकजण फाटकापासून आक्रोश करत यायचा, आणि प्रत्येक नव्या आवाजाबरोबर माझी खात्री पक्की व्हायची : दादा गेला. एवढी माणसं उगाच येत नाहीत. कोणीतरी मेंढी ओढत आणली. ती गोठ्यामागे नेली, तेही मी ओल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि दादाला गावात किती मान होता, या विचाराने ऊर भरून आला.

बायका रीतीप्रमाणे रडत सरळ घरात शिरल्या. केंजेगुल झारा हातात घेऊन उभी. अंगणात पुरुषांचा आक्रोश, घरात बायकांचा. आणि नवरा नुकताच बाहेर गेलेला, दुखऱ्या गुडघ्याचा, गवताच्या गंजीवर चढायची खोड असलेला. तिनेही हिशेब केला. झारा टाकून तिने जो हंबरडा फोडला, तसा गावात कित्येक वर्षांत कोणी ऐकला नव्हता, असं इदिरिसची बायको अजून सांगते. केंजेगुल म्हणते, तेल जळालं म्हणून.

एवढ्यात एक मोटार थांबली, आणि एक माणूस फाटकातून "माझा डोंगर गेला" असं ओरडत धावत आला आणि माझ्या अंगावर कोसळला. इदिरिसच्या बायकोने त्याला फोन करून रीतीप्रमाणे 'आजींना जरा बरं नाही, निघून या' एवढंच सांगितलं होतं, आणि तो काय ते समजला होता. माझे डोळे परत मिटले होते. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. बराच वेळ रडलो. मग मला त्या कोटाला दुकानातल्या चहापत्तीचा आणि मेंढीच्या चरबीचा ओळखीचा वास आला.

मी डोळे उघडले.

"दादा," मी म्हणालो, "तू इथे काय करतोयस?"

"आई गेली आणि मी येऊ नको?"

"आई कुठे गेली?"

"म्हणजे?"

"तू गेलास ना?"

दादाने मला धरून दूर केलं आणि इदिरिसकडे पाहिलं. "याच्या डोक्यावर परिणाम झालाय," तो हळूच म्हणाला. "साहजिक आहे. शेंडेफळ होता तिचा."

तेवढ्यात दार उघडलं. खांद्यावर रजई घेतलेली, हातात काठी, आई उंबऱ्यात उभी होती. सगळ्यांचा आवाज एकदम थांबला, फक्त टोकाला उभा असलेला एक बहिरा म्हातारा रडतच राहिला.

जे कोणी विचारायचं नसतं, ते विचारायचा मान वयाला असतो. आईने विचारलं, "कोण गेलं?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. आईने एकेकाचा चेहरा वाचला. (बाईंच्या धड्यांचा तिला फारच उपयोग झाला होता.) "अस्सं," ती म्हणाली. "म्हणजे मीच."

तिच्यामागून केंजेगुल बाहेर आली. डोळे सुजलेले. मला काठीसह उभा पाहून तिने आधी सुटकेचा श्वास टाकला, मग माझ्या कमरेचा दुपट्टा पाहिला, मग काठी, मग कोट. तिला सगळं उमगलं.

"लग्न आहे आज पोरीचं," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "आणि तुम्ही दारात मयत उभी केलीत?"

"मी स्वर म्हणत होतो."

"लग्न?" इदिरिस म्हणाला. "कोणाचं लग्न?"

आणि नेमका तेव्हा फोन वाजला.

फोन दादाच्या हातात होता, कारण मी तो मघाशी खिडकीत ठेवला होता आणि त्याने तो सांभाळायला घेतला होता. त्याने उचलला. पडद्यावर पांढऱ्या झग्यातली आयजमाल, बाजूला कॅलम, मागे व्याही, विहीणबाई आणि टेबलं. त्यांना काय दिसलं असेल ते मी शांतपणे सांगतो. कमरेला पट्टे बांधलेले, लाल डोळ्यांचे, नाकं पुसणारे पुरुष, आणि मागे सोललेली मेंढी.

आयजमालचा चेहरा उतरला. "बाबा... आजी?"

आईने दादाच्या हातून फोन ओढून घेतला. "आहे गं, आहे. तुझ्या बापाने मारलं होतं, पण मी उठले. चेहरा नीट कर, फोटो वाईट येतील."

मग फोन माझ्या हातात आला. वेळ हीच होती. अंगणात सगळं गाव, ज्याने माझं इंग्रजी ऐकू नये असं मी ठरवलं होतं. तिकडे व्याही उभे राहिले. मी काठी इदिरिसला दिली आणि फोन केंजेगुलला. तळहात वर केले आणि बोललो.

काय बोललो ते मला पाठ होतं. पण भावासाठी रडून रडून घसा बसला होता, ओठ थरथरत होते, दोन बोटं सोडा, तोंडात नखसुद्धा मावलं नसतं. 'ई'ला मी हसलो नाही. सगळे स्वर एकाच सुरात बाहेर पडले, जन्मापासून पडतात तसे. चौथं वाक्य संपलं, आणि गावाने सवयीने, सगळ्यांनी एकदम 'ओमिन' म्हटलं आणि तोंडावरून हात फिरवले. तिकडच्या टेबलांवरच्या लोकांनीही बघून बघून फिरवले.

विहीणबाईंनी डोळे टिपले. ग्रॅहम थोडं थांबले, आयजमालच्या कानाशी वाकून काही म्हणाले. तिने ओठ दाबून धरले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, अर्थ कळला नाही, पण किर्गिझ भाषा कानाला फार गोड लागते."

अंगणात खोकल्याची साथ आली. मी जमिनीकडे पाहिलं.

"बाबा, सांगितला मी अर्थ," आयजमाल म्हणाली. "तुमच्या इंग्रजीचा इंग्रजीत. आता त्यांचं ऐका."

ग्रॅहम पुढे आले. लाल गाल आणखी लाल झाले होते. त्यांनी कोट सारखा केला, तोंड उघडलं आणि सावकाश, एकेक शब्द जड पोत्यासारखा उचलत काहीतरी म्हणाले.

"इंग्रजी फारच अवघड भाषा," इदिरिस हळहळून म्हणाला. "ओमुर्झाकची काय चूक? एक शब्द कळेल तर शपथ."

"कशाचं इंग्रजी," आई म्हणाली. ती पडद्याला नाक लावून बघत होती. "ओठ बघा की त्याचे. आपली भाषा बोलतोय तो, तोंडात बटाटा धरून. म्हणतोय, पोर आता आमची. तुम्ही निवांत झोपा."

ग्रॅहमनी परत म्हटलं. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. केंजेगुलने फोन एका हातात धरून दुसऱ्याने डोळे पुसले, त्यामुळे पडद्यावरचं सगळं वऱ्हाड हललं.

"किती दिवस मेंढ्यांच्या गोठ्यात जाऊन घोकत होते," आयजमाल म्हणाली. "आपला 'ऊ' त्यांना येईना. कुत्रा घर सोडून शेजाऱ्यांकडे राहायला गेला."

मेंढी सोललेलीच होती आणि बोरसोक तळलेले होते. रडायला आलेली माणसं लग्नाला थांबली. दादाने डॉक्टरांनी मनाई केलेल्या सगळ्या गोष्टी खाल्ल्या आणि मला दर घासाला आठवण करून दिली, की मी त्याला मारलं होतं. आईने त्याला उजव्या हाताला बसवलं. मी मेलो म्हणून केंजेगुल रडली होती, ही गोष्ट इदिरिसच्या बायकोने तिथेच फोडली, आणि केंजेगुल मला त्या दिवशी दिवसभर नेहमीपेक्षा जास्त घालूनपाडून बोलली. मी समाधानाने ऐकून घेतलं.

पाहुणे गेल्यावर आईने मला समोर बसवलं.

"शारशेन चांगला रडला," ती म्हणाली. "इदिरिसचा आवाज लांब जातो. मी गेले की त्यालाच पुढे उभा करा. तू मात्र..."

"आई, मी तुझ्यासाठी रडत नव्हतो. दादासाठी रडत होतो."

"मग आणखीच वाईट. थोरल्या भावासाठी असं रडतात? 'आ' अर्ध्यावरच मोडतोस. माझ्या वेळी असं केलंस तर लोक म्हणतील, धाकटा जेवून आला नव्हता वाटतं." ती रजई सावरत म्हणाली, "उद्यापासून माझ्यासमोर बसायचं. त्या बाईपेक्षा मी बरी शिकवते. आणि ऐक, तुला नीट रडता आल्याशिवाय मी जायची नाही. गावात हसं करून घ्यायला मी काही मरत नाही."

तेव्हापासून रोज चहानंतर माझा अभ्यास चालतो. आई काठीने हनुवटी वर करते, बोटं घालून तोंड मोजते आणि मान हलवते. 'आ' अजून मोडतो. 'ओ'बद्दल ती बोलतच नाही.

केंजेगुलला वाटतं, मी मुद्दामच चुकतो. आईला जाऊ द्यायचं नाही, म्हणून. परवा तिने इदिरिसच्या बायकोला हे सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून माझ्या चहात सायसुद्धा जास्त असते.

तिचा हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.